‘जरा कमी’ या शब्दांच्या आधीची ओळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फ्रेंच चित्रकार आँरी द तुलूझ-लोत्रेक आणि पॅरिसच्या कॅबरेतील गायिका-नर्तकी यांच्यावर पानभर मजकूर आला. मराठी वृत्तपत्रात या चित्रकाराला एवढी जागा मिळाली याचे मनापासून समाधान वाटले. मात्र गायिका ईव्हेत गिल्बेरच्या पत्रातले एकच वाक्य त्यात दिले आहे, आणि त्या वाक्यावर सगळ्या लेखाचा डोलारा उभा आहे. सोबतचे ‘दिव्हाँ जापोने’ हे पोस्टर वरून कापलेले आहे. चित्रांखाली सरसकट ‘तैलचित्र’ असे लिहिले आहे. या चुका वरवर वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. ही चित्रे छापण्यासाठी काढलेली होती आणि ती पत्रे छपाईच्या कामातून निघालेली होती, हेच लेखात निसटले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते पत्र. लेखात आले आहे ते एवढेच: ‘मला इतकी भयंकर कुरूप काढू नका!’ त्यावरून चित्रकाराने बाईंची विटंबना केली, बाई दुखावल्या आणि दोघांचे बिनसले, अशी गोष्ट रचली आहे. पत्र १८९४ सालचे आहे. लोत्रेकने गिल्बेरच्या पोस्टरचा रंगीत आराखडा करून तिला दाखवला होता, त्याला दिलेले ते उत्तर. ते सुरू होते व्यवहाराने. या हिवाळ्यातली माझी पोस्टरे आधीच सांगून झाली आहेत, जवळजवळ तयारही आहेत, हे मी तुम्हाला सांगितले होते; तेव्हा हे काम पुढे ढकलायला हवे, असे ती लिहिते. मग ते प्रसिद्ध वाक्य येते, आणि त्याला लागूनच दोन-तीन शब्द येतात, जे आपल्या लेखात नाहीत: ‘जरा कमी!’ पुढे ती म्हणते की घरी आलेल्या पुष्कळ मंडळींनी तो रंगीत आराखडा पाहून आरडाओरडा केला, आणि सगळेच काही निव्वळ कलेच्या बाजूने पाहत नाहीत. शेवटी हजार वेळा आभार.

‘जरा कमी’ हे शब्द मोलाचे आहेत. काढूच नका, असे ती म्हणत नाही. ती मात्रा ठरवते आहे. शिंप्याला ‘कंबरेत जरा सैल’ सांगतो तसे हे सांगणे आहे, आणि ते चित्र समजलेल्या माणसाचे आहे. शिवाय आधीचे वाक्य हवेच. कॅफे-कॉन्सर्टचा, म्हणजे खातपीत गाणी ऐकण्याच्या जलशाघरांचा, धंदा हंगामावर चालायचा. हिवाळ्याची पोस्टरे बरीच आधी सांगून ठेवावी लागत, कारण छपाईचे दगड, कागद, छापखान्याची पाळी, शहरभर चिकटवणारे मजूर हे सगळे आधी जमवावे लागे. गिल्बेरचे पोस्टर १८९१ साली चित्रकार झ्यूल शेरेने केले होते. १८९४ साली स्तँलँ या दुसऱ्या चित्रकारानेही तिचे ‘आंबासादर’ या जलशाघरासाठी पोस्टर केले. अशा वेळी तिसऱ्या चित्रकाराचा आराखडा थांबवणे हा तिच्या व्यवसायाचा निर्णय होता. त्यातून भांडण काढणे बरोबर नाही.

भांडण नव्हते याचा पुरावा त्याच वर्षाचा आहे. १८९४ सालीच आंद्रे मार्ती या प्रकाशकाने ‘ईव्हेत गिल्बेर’ नावाचा चित्रसंच काढला. मजकूर गुस्ताव्ह जेफ्रुआ यांचा, चित्रे लोत्रेकची, एकूण १६ शिळाछाप (दगडावरून छापलेली चित्रे), प्रती १००. त्या शंभर प्रतींवर सही आहे ती स्वतः गिल्बेरची. एकीकडे ‘इतकी कुरूप नको’ म्हणणारी बाई दुसरीकडे त्याच हाताच्या चित्रांच्या शंभर प्रतींवर एकेक करून सही करते. हे दोन्ही एकत्र समजून घ्यायचे तर पोस्टर आणि संच या दोन वस्तूंतला फरक पाहावा लागतो.

पोस्टर भिंतीवर लागते. रस्त्याने जाणारा माणूस दहा-पंधरा पावलांवरून, चालता चालता ते पाहतो, आणि त्याने तिकीट काढावे हा त्याचा हेतू. त्याला ती बाई आधी माहीत असेलच असे नाही. संच घेणारा वेगळा. त्याने तिला रंगमंचावर अनेकदा ऐकलेले असते, तो पान हातात धरतो, मजकूर वाचतो, आणि तिच्या हनुवटीची उचल कोणत्या ओळीवरची आहे हे त्याला ओळखता येते. तीच रेषा पहिल्याला थट्टा वाटेल आणि दुसऱ्याला नेमकी. ‘सगळेच निव्वळ कलेच्या बाजूने पाहत नाहीत’ हे गिल्बेरचे वाक्य नेमके यावरच बोट ठेवते. दोन्ही गिऱ्हाइके तिने जवळून पाहिली होती.

तो नामंजूर आराखडा आज फ्रान्समधल्या आल्बी या गावी, चित्रकाराच्याच जन्मगावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. उंची सुमारे १८६ सेंमी, रुंदी ९३ सेंमी, म्हणजे जवळजवळ माणसाच्या मापाचा. तांबूस केस, पांढरी पावडर, लाल ओठ, लांबलचक मान, आणि कोपराच्याही वर जाणारे काळे हातमोजे. ही मापे लक्षात घेतली की घरी आलेल्यांचा आरडाओरडा कळतो. दिवाणखान्यात दोन हातांवर उभे राहून माणसाएवढा चेहरा पाहायचा, आणि तो चेहरा रस्त्यापलीकडून दिसावा म्हणून काढलेला! नाटकाचा रंगलेला चेहरा विंगेत जवळून पाहिला की असाच दचका बसतो.

चेहऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट. त्या काळच्या रंगमंचाच्या कडेला खालून उजेड फेकणारे दिवे असत. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात. हनुवटीखालचा भाग उजळतो, नाकाची सावली वर चढते, भुवयांच्या वर काळोख साचतो, नाकपुड्या मोठ्या दिसतात. सुंदर चेहराही त्या उजेडात अनोळखी होतो. दिवसाच्या उजेडातले, फोटोवाल्याच्या दुकानातले रूप बाजूला ठेवून लोत्रेकने हे फूटलाइटमधले रूप काढले. त्यात गिल्बेर नाचणारी नव्हती. ती जवळजवळ स्थिर उभी राहून, अर्धे बोलत अर्धे गात गाणे सादर करायची. सगळा अभिनय चेहरा, मान आणि हात यांत. सुरुवातीला पैसे बेताचे म्हणून तिने मळखाऊ काळे हातमोजे घेतले आणि पुढे तीच तिची ओळख झाली. फिकट पोशाखावर त्या दोन काळ्या रेषा शेवटच्या रांगेतूनही दिसत. चित्रकाराला त्या आयत्याच मिळाल्या. संचाच्या मुखपृष्ठावर तर बाई नाहीच, नुसते हातमोजे आहेत.

आता छपाईकडे येतो, कारण ‘कुरूप’ वाटणारी ती रेषा निम्मी दगडाची आहे.

शिळाछाप म्हणजे बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने काढलेले चित्र. तत्त्व साधे आहे: तेलकट जागा शाई धरते, ओली जागा शाई झटकते. दगड आधी वाळू आणि पाणी घालून घासतात. खडूने काढायचे तर दाणेदार पोत ठेवतात, ब्रशने काढायचे तर जास्त गुळगुळीत. चित्र झाले की अरबी डिंकाच्या पाण्यात नायट्रिक अॅसिडचे थोडे थेंब टाकून ते दगडावर पसरतात. कोऱ्या जागेवर डिंक पक्का बसतो आणि पुढे तीच जागा पाणी धरते. मग टर्पेंटाइनने मूळ चित्र पुसून काढतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, कारण सगळे काम गेल्यासारखे दिसते. पण तेल दगडात मुरलेले असते. स्पंजने दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा, की चित्र पुन्हा वर येते.

लोत्रेकचे खास हत्यार म्हणजे दात घासायचा ब्रश. तेलकट शाईत बुडवून त्याच्या केसांवरून सुरीची पाठ ओढायची, म्हणजे बारीक शिंतोडे दगडावर उडतात. जिथे शिंतोडे नकोत तिथे आधी डिंक लावून ठेवायचा. ब्रश जवळ धरला की थेंब मोठे पडतात, लांब धरला की धुके होते. शाई पातळ झाली की थेंब एकमेकांत मिसळून डाग पडतो आणि तो खरवडण्यावाचून इलाज उरत नाही. रेषेने सावली भरायची तर तासन् तास जातात. शिंतोड्यांनी करड्याची पूर्ण छटा काही मिनिटांत मिळते, आणि तीत हवा असल्यासारखी वाटते. रंगमंचावरची धूसर, धुरकट हवा त्याच्या चित्रांत येते ती या शिंतोड्यांतून.

इथेच गोष्टी बिघडतात. अॅसिड जास्त तेज झाले की सर्वांत बारीक थेंब आधी जळतात आणि धुके विरळ होते. कमी पडले की कोऱ्या जागा शाई धरू लागतात, आणि पंचविसाव्या-तिसाव्या छापापर्यंत करडे काळे होते. रुळावर शाई जास्त झाली तरी तेच. म्हणून चित्रकाराला छापखान्यात उभे राहावे लागते. लोत्रेक उभा राहायचा. त्याचा छापखाना मुख्यतः आंकूर यांचा आणि तिथला जुना कारागीर कोतेल. १८९३ साली मार्तीच्याच ‘लेस्ताँप ओरिजिनाल’ या मुद्राचित्रमालेचे मुखपृष्ठ लोत्रेकने काढले. त्यात डोक्यावर टोपी घातलेला म्हातारा कोतेल दगडी प्रेसचे चाक फिरवतो आहे आणि पुढे नर्तकी झान आव्रील उभी आहे. तिच्या हातात नुकताच निघालेला प्रूफ आहे आणि ती तो निरखून पाहते आहे. तिचा चेहरा पाहावा: त्यात रंगमंचावरची अदा नाही, छाप बरोबर निघाला की नाही एवढेच ती बघते आहे. चित्रकार आणि या बायका यांचे नाते कशा प्रकारचे होते, हे शंभर किश्श्यांपेक्षा या एका चित्रातून जास्त कळते. आपल्या लेखात नेमके हे चित्र असायला हवे होते.

रंगीत छपाईत तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ‘दिव्हाँ जापोने’चे माप साधारण ८० बाय ६० सेंमी आहे. त्या मापाचा दहा सेंमी जाडीचा चुनखडीचा दगड धरला तर त्याचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते, आणि चार रंग म्हणजे चार दगड. अर्धा टन दगड एका चित्रामागे हलवायचा. पहिल्या दगडावरचे मुख्य रेखाटन बाकीच्या दगडांवर फिकट खुणेने उतरवून घ्यायचे, कडेला फुल्यांच्या खुणा जुळवायच्या, आणि एकच कागद चार वेळा प्रेसखालून काढायचा. कागद दोन छपायांमध्ये दमट हवेने फुगला किंवा सुकून आखडला की रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, हलते, आणि ओठाचा लाल गालावर येतो. पावसाळ्यात ऑफसेटवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या छापखान्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच लोत्रेक सपाट रंगांचे मोठे पट्टे ठेवतो आणि दोन रंगांच्या सीमेवर जाड रेषा किंवा मोकळा कागद सोडतो. केसभर सरकले तरी झाकून जाते. पाहणाऱ्याला ती शैली वाटते. ती छापखान्यातली अक्कलही आहे.

१८९१ साली ‘मुलँ रूझ’साठी केलेले त्याचे पहिले पोस्टर याहून मोठे. नर्तकी ला गुल्यू मध्ये नाचते आहे आणि समोर तिचा जोडीदार नर्तक व्हालांतँ याची करडी आकृती. ते एका कागदात मावत नाही. तीन कागद जोडून ते सुमारे १९० सेंमी उंच होते, आणि साधारण ३००० प्रती पॅरिसमध्ये लागल्या असे मानले जाते. वरची पट्टी वेगळ्या कागदावर असल्याने उरलेल्या पुष्कळ प्रतींत ती नाही. म्हणून एखाद्या पुस्तकात उंची १७० आणि दुसऱ्यात १९० सेंमी दिसते. आपल्या लेखात दिलेली उंची पट्टी नसलेल्या प्रतीची आहे. ते सांगितले असते तर वाचकाचा गोंधळ टळला असता. याच पोस्टरबद्दल लोत्रेकने आईला लिहिले होते की छपाई अडल्याने ते बाहेर पडायला उशीर होतो आहे, पण काम करताना मजा आली. सगळ्या छापखान्यावर आपला अधिकार चालतो अशी भावना झाली, आणि ती नवी होती. बालपणी दोन्ही मांड्यांची हाडे मोडून वाढ खुंटलेला, सत्ताविशीच्या आसपासचा मुलगा आईला हे कळवतो. आपल्या लेखाने त्याच्या दारूवर तीन परिच्छेद खर्च केले आहेत. ही ओळ त्याला जास्त ओळखून देते.

त्याची सहाशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. प्रेमप्रकरणांच्या आशेने ती चाळणाऱ्याची निराशा होते. बरीचशी आईला लिहिलेली, घरच्या खुशालीची आणि पैशांची. बाकीच्यांत छापखाना, प्रकाशक, मित्र यांना धाडलेल्या चार-चार ओळींच्या चिठ्ठ्या. अमुक प्रूफ पाठवा, अमुक दिवशी येतो, इतक्या प्रती राखून ठेवा. कलावंतही त्याला असेच लिहीत. १८९६ च्या सुरुवातीला लंडनच्या पॅलेस थिएटरमधल्या खेळांसाठी झान आव्रीलने त्याच्याकडे पोस्टर मागितले तेही पत्रानेच. त्यातून ‘माद्‌म्वाझेल एग्लांतीन’च्या नृत्यपथकाचे चार नर्तकींच्या एका ओळीचे पोस्टर झाले. १८९८ साली लंडनचे प्रकाशक सँड्स यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातही हीच भाषा आहे. त्या कामातून गिल्बेरवरचा दुसरा संच निघाला, आठ चित्रे आणि मुखपृष्ठ, प्रती ३५०. चार वर्षांपूर्वी ‘जरा कमी’ म्हणालेली गिल्बेरच पुन्हा विषय आहे, हेही नोंदवण्यासारखे. मधल्या १८९५ साली तिच्या चित्राची एक भाजलेली मातीची फरशीही झाली होती. तिच्यावर गिल्बेरचा शेरा आहे: ‘अरे छोट्या राक्षसा, काय भयानक करून ठेवलंस हे!’ आणि खाली तिची सही. एवढ्या सलगीने शेरा मारून सही करणारी बाई दुखावलेली होती, असे म्हणणे कठीण आहे.

सर्वांत हलवून टाकणारी चिठ्ठी १८९९ च्या मार्चमधली. दारू आणि आजार यांमुळे घरच्यांनी त्याला पॅरिसलगत नयी येथील रुग्णालयात ठेवले होते. तिथून तो मित्र मोरिस झ्वायाँला लिहितो. तक्रार नाही, सुटकेची याचना नाही. दाणेदार केलेले दगड पाठवा, सेपिया असलेली जलरंगाची पेटी, ब्रश, लिथोचे खडू, चांगल्या प्रतीची चिनी शाई आणि कागद. आणि लवकर भेटायला या. ही मागणीची यादी आहे, पण तिच्यात सगळा माणूस आहे. दगड ‘दाणेदार’ हवेत आणि शाई ‘चांगल्या प्रतीची’ हवी, हे तो त्या खोलीतही विसरत नाही. तिथेच बसून त्याने केवळ आठवणीतून सर्कसमधल्या कसरतपटू, घोडेस्वार, विदूषक यांची चित्रे काढली. त्यानंतर अडीच वर्षांत, ९ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

आता ‘दिव्हाँ जापोने’कडे वळतो, कारण सर्वांत जास्त हळहळ त्याबद्दल आहे. १८९३ सालचे हे पोस्टर त्याच नावाच्या छोट्या कॅबरेचे. मध्यभागी काळ्या पोशाखातली झान आव्रील, पण ती इथे प्रेक्षक आहे. तिच्या मागे समीक्षक एदुआर द्युजार्दँ. त्यांच्यापलीकडे वाद्यवृंदातल्या डबल-बासच्या माना वर आलेल्या आणि संचालकाचे हात. रंगमंच वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि तिथे गाणारी बाई चित्राच्या कडेने मानेपासून कापलेली आहे. डोके नाही. तरी पाहणाऱ्या पॅरिसकराला ती गिल्बेर हे क्षणात कळत होते, ते केवळ काळ्या हातमोज्यांवरून. चेहरा न काढता माणूस ओळखू यावा, ही चित्रणकलेतली केवढी मोठी गोष्ट! चित्रकाराने डोके कापले ते विचार करून. आपल्या पानावर मात्र मथळ्याला जागा करण्यासाठी वरचा पट्टा कापला गेला, त्यात ते हात गेले, आणि उरली टोपी घातलेली एक प्रेक्षक बाई. खाली ओळ छापली आहे: ‘गायिका ईव्हेत गिल्बेर’. म्हणजे वाचकाने झान आव्रीलला गिल्बेर समजून पाहिले, आणि गिल्बेर पानावर नव्हतीच.

पान लावणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ८० सेंमीचे पोस्टर आठ सेंमीत छापले की ते एक-दशांश होते. अर्ध्या मिलिमीटरचा शिंतोडा अर्ध्याच्या दहाव्या भागावर येतो. वृत्तपत्राची स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, इंचाला १०० लाइनची धरली तर तिचा एक खाना पाव मिलिमीटरचा. तेव्हा शिंतोडे त्यात हरवतात आणि नुसता मळका करडा उरतो. पूर्ण चित्र लहान द्यावे आणि शेजारी एखादा तुकडा, समजा हातमोज्याची कड, मूळ मापात द्यावा. दोन कॉलमात काम होते आणि वाचकाला दगड दिसतो. स्कॅनला रंगदुरुस्तीचे आपोआप चालणारे बटण लावू नये. जुना कागद पिवळसर असतो; यंत्र त्याला पांढरे करायला जाते आणि सोबत ऑलिव्ह हिरवा मरतो. १८९४ च्या संचातली चित्रे आणि मजकूर याच हिरव्या शाईत छापलेले आहेत, त्यामुळे ते पान काळ्या-पांढऱ्यात देणे टाळलेलेच बरे.

आणि चित्र आरशातल्यासारखे उलटे करू नये. चेहरा पानाच्या आत पाहणारा हवा म्हणून मांडणी करणारे कधी कधी असे करतात. दगडावरचे चित्र छापताना उलटते, हे चित्रकार आधीच हिशेबात धरतो. उलट्या चित्राचे खरे उदाहरणही आहे. १८९२ साली गायक आरिस्तीद ब्रुआंचे ‘आंबासादर’साठी लोत्रेकने पोस्टर केले. तिथल्या चालकाला, द्युकारला, ते पसंत नव्हते. ब्रुआंने हट्टाने ते लावायला लावले. त्याच वर्षी ‘एल्दोरादो’साठी तेच चित्र पुन्हा आले ते उलटे. छापलेले पोस्टर पाहून ते जसेच्या तसे दगडावर रेखाटले की छाप उलटाच येतो. म्हणून ब्रुआं डावीकडे पाहतो की उजवीकडे यावर वाद घालण्याआधी जलशाघराचे नाव वाचावे. पसंत नसलेल्या त्या द्युकारलाही लोत्रेकने पुढच्या वर्षी ‘काफे-काँसेर’ या संचात काढले आहे, हे जाता जाता.

राहिला ‘तैलचित्र’ हा शब्द. मराठी वाचकाला शिळाप्रेस परकी नाही. पुण्यात चित्रशाळा १८७८ साली सुरू झाली. राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत गिरगावात सुरू झाला तो १८९४ साली, म्हणजे गिल्बेरचा संच निघाला त्याच वर्षी. यंत्रे आणि कारागीर जर्मनीचे, दगड त्याच जातीचा. पण दोन्हींचे उद्दिष्ट उलट होते. रविवर्मांच्या रंगीत छापांमध्ये, म्हणजे ओलिओग्राफमध्ये, पुष्कळ दगडांनी रंगांचे थर चढवून, वरून चकाकी देऊन, ते तैलचित्रच वाटावे अशी खटपट असे. दगड जितका लपेल तितके काम चांगले. लोत्रेक तीन-चार दगडांत थांबतो आणि खडूचा दाणा, ब्रशचा फटकारा, शिंतोडा उघडा ठेवतो. घरात रविवर्मांची तसबीर पाहत वाढलेल्या वाचकाला हा फरक दोन ओळींत सांगता येतो, आणि तो कळला की गिल्बेरचा ‘कुरूप’ चेहराही वेगळा दिसू लागतो.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या पुरवणीत ‘दिव्हाँ जापोने’ न कापता पुन्हा छापावे, दोन कॉलमांत का होईना, आणि खाली ही ओळ द्यावी: ‘दिव्हाँ जापोने, १८९३. रंगीत शिळाछाप, सुमारे ८० बाय ६० सेंमी, मुद्रक आंकूर, पॅरिस. मध्यभागी झान आव्रील. वर डावीकडे, काळ्या हातमोज्यांत, ईव्हेत गिल्बेर.’ आणि गिल्बेरच्या पत्रातले वाक्य पुन्हा द्यायचे झाले तर त्यापुढचे ‘जरा कमी!’ गाळू नये.

आपले,
शिळाछापाचे दोन अभ्यासक,
पुणे